शेरीफच्या मिशीवरची पिठीसाखर

"या खेपेला मी सगळं इतकं चोख ठरवलंय ना, की गडबड व्हायला जागाच ठेवलेली नाही!" व्हर्ना स्टिल्टनरने ग्रंथपाल ओपलबाईंना छातीठोकपणे सांगितलं.

आता, माणसाने बाकी काहीही बोलावं, पण हे वाक्य बोलू नये. निदान आमच्या कोल्ड फोर्क गावात तरी बोलू नये!

व्हर्ना म्हणजे आमच्या परगण्याचं आरोग्य खातं. म्हणजे खात्यात ती, एक टेबल आणि एक गळकी खिडकी, एवढेच सभासद. खाणी बंद पडल्यापासून या डोंगरात दोनच गोष्टींची भरभराट झाली होती: कुलूप लावलेली घरं आणि फेंटानिल नावाची नशा घेऊन आडवी होणारी माणसं. बरं, त्यावर उतारा आहे. नाकात मारायचा साधा फवारा, सर्दीच्या औषधासारखा. वेळेवर मारला तर गेलेला माणूस उठून बसतो आणि वर शिव्या देतो. पण अँब्युलन्स यायची डोंगरापलीकडून, पोलीस पोचायचे तिच्या कितीतरी आधी, आणि पोलिसांच्या गाडीत फवारा नसायचा. मग ते कमरेवर हात ठेवून वाट बघत उभे राहायचे.

व्हर्नाचा भाऊ डेल गेल्या हिवाळ्यात पेट्रोलपंपामागे असाच गेला. शेजारी पोलिसांची गाडी उभी होती, दिवे चमकवत. त्या दिवसापासून व्हर्नाने एकच धोशा लावला होता: प्रत्येक गाडीत उतारा ठेवा. परगण्याच्या पोलिसांचे प्रमुख, शेरीफ डॉइल रॅटलिफ, हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. शेवटी वैतागून म्हणाले, "एक दिवस प्रशिक्षण घ्या, व्हर्नाबाई. काही लफडं न होता पार पडलं तर दुसऱ्या दिवशी हुकूम काढतो. पण त्यात ते तब्येतीचं पण घाला. माझ्या माणसांना रात्र रात्र झोप नाही."

झालं! व्हर्नाने अग्निशमन दलाचा हॉल मिळवला. अख्ख्या वर्षाचा फवाऱ्यांचा साठा खोक्यांतून आणून दाराजवळच्या टेबलावर रचला. हवालदार बोलावले आणि गावातली जबाबदार मंडळीही बोलावली: ओपलबाई, पाद्री हार्लन, गेली तीस वर्षं मोटेल चालवणारे धनसुखभाई. पोलीस यावेत म्हणून बेकरीतून पिठीसाखरेत लोळवलेले डोनट आणले. पोलीस आले. डोनटसाठीच आले, पण आले!

पहिल्या रांगेत बसला हवालदार लॉनी. या लॉनीची एक कीर्ती होती. गेल्या वर्षी एका गाडीची झडती घेताना त्याचा हात पांढऱ्या भुकटीला लागला आणि तो धाडकन रस्त्यावर आडवा झाला. त्याला हेलिकॉप्टरने शहरात नेलं. भुकटी निघाली पॅनकेकचं पीठ! पण शौर्यपदक तोवर जाहीर झालेलं होतं, ते कोणी परत घेतलं नाही.

"घशातून घरघर आवाज येतोय, हाक मारली तर ओ देत नाही," व्हर्ना शिकवत होती, "तर विचार करत बसू नका. फवारा मारा! निरोगी माणसाला मारला तरी काही बिघडत नाही. आणि लक्षात ठेवा, शुद्धीवर आलेला माणूस चिडतो. म्हणतो, मला काही झालेलंच नाही. त्याचं ऐकू नका. तो पुन्हा बेशुद्ध पडू शकतो."

लॉनी मन लावून ऐकत होता. इतका, की व्हर्नाला त्याच्याबद्दल माया वाटली. तेवढ्यात वॉकीटॉकीवर निरोप आला, चर्चमागच्या कचरापेटीत अस्वल शिरलंय. शेरीफ म्हणाले, "लॉनी, जा रे तू." लॉनी गेला.

त्यानंतर व्हर्नाने राहिलेलं शिकवलं. एक म्हणजे, फवाऱ्याआधी माणसाच्या छातीचं हाड मुठीने चोळून बघायचं, झोपलेला असला तर जागा होतो. दुसरं म्हणजे, भुकटीला नुसता हात लागल्याने कोणी मरत नाही. लॉनी मात्र त्या वेळी अस्वलाशी बोलणी करत होता.

जेवणात पेपरोनी रोल झाले, उरलेले डोनट झाले, आणि तब्येतीचा तास सुरू झाला.

"फोन, वॉकीटॉकी, सगळं बाहेरच्या टोपलीत!" व्हर्नाने फर्मावलं.

"आणि गाव कोण बघणार?" शेरीफ.

"लॉनी आहे की!"

"म्हणजे कोणीच नाही," असं म्हणून शेरीफ सतरंजीवर आडवे झाले. दिवे मालवले. पडदे ओढले. व्हर्ना हळू आवाजात सांगू लागली, "डोळे मिटा. श्वास सावकाश... आणखी सावकाश... हातपाय सैल सोडा..." आणि आपण करून दाखवावं म्हणून तीही आडवी झाली. बिचारी डेल गेल्यापासून धड झोपली नव्हती. ती घोरायला लागली सगळ्यांच्या आधी!

अस्वल वाटेला लावून लॉनीने वॉकीटॉकीवर शेरीफना हाक दिली. उत्तर नाही. दुसऱ्या हवालदाराला दिली. उत्तर नाही. एकाचंही नाही! तो गाडी पळवत हॉलवर आला, दार ढकललं, टॉर्च मारला आणि त्याच्या अंगाचं पाणी पाणी झालं. अख्खं पोलीस दल जमिनीवर पसरलेलं. पाद्री हार्लनच्या घशातून घरघर. टेबलावर पांढरी भुकटी, जमिनीवर भुकटी, आणि शेरीफच्या मिशीवर तर थरच्या थर!

"साहेब!" लॉनी ओरडला. साहेब गाढ झोपलेले. त्यांनी ओ दिली नाही.

शिकवलेलं सगळं जसंच्या तसं समोर होतं. त्याने वॉकीटॉकीवर सांगितलं, "आमचे सगळे गेले! असेल नसेल ती गाडी पाठवा!" आणि खोकं फाडून शेरीफच्या नाकपुडीत फवारा सोडला.

शेरीफ उठले ते ठसकत. "अरे, काय करतोस, गाढवा! मला काही झालेलं नाही!"

"तसंच वाटतं, साहेब," लॉनी मायेने म्हणाला आणि दुसऱ्या नाकपुडीत दुसरा सोडला.

मग पाद्री. मग ओपलबाई. मग रांगेने हवालदार. व्हर्ना जागी झाली तेव्हा तो तिच्या छातीवर गुडघा टेकून बसला होता.

"लॉनी, थांब! तो साठा... आम्ही झोपलो होतो रे!"

"हो, ताई. आता झोपू नका हं!" आणि फस्स!

तरीही इथपर्यंत निभावलं असतं. निम्मी खोकी अजून शाबूत होती. पण शेरीफनी मिशीवरून हात फिरवला आणि बोटं टॉर्चच्या उजेडात धरली. पांढरी! शेरीफ त्याहून पांढरे झाले.

"ही... ही भुकटी माझ्या अंगावर कशी आली?"

"साहेब, ती पिठीसाखर आहे! डोनटची!" व्हर्ना किंचाळली.

"माझे हात बधिर होतायत..."

"हातावर झोपला होतात तुम्ही!"

"छाती धडधडतेय!"

"घाबरलात म्हणून धडधडतेय! आणि नुसता हात लागल्याने काही होत नाही, सकाळी तासभर तेच सांगत होते ना मी!"

"सकाळची गोष्ट वेगळी होती!" शेरीफ म्हणाले, आणि खाली बसले. साहेब बसले म्हटल्यावर हवालदारही बसले. एकाला भोवळ, एकाला मळमळ, एकाला आई आठवली. सगळे खोक्यांवर तुटून पडले. ज्याच्या हाती जो लागला तो त्याने स्वतःच्या नाकात मारला. व्हर्ना टेबलावर आडवी पडून साठा वाचवत होती, तर तिला कोणीतरी दयेने उचलून बाजूला ठेवलं. "बाईंना भ्रम झालाय," तो म्हणाला. ती रडायला लागली. तेही लक्षणच धरण्यात आलं.

मग डोंगरापलीकडच्या दोन्ही अँब्युलन्स आल्या. मग विषारी रसायनं हाताळणारं, पांढऱ्या पोशाखातलं, तोंडावर नळ्या लावलेलं पथक आलं. त्यांनी सर्वांना आवारात नेऊन कपडे उतरवायला लावले आणि नोव्हेंबरच्या थंडीत बंबाच्या पाण्याने धुतलं. ओपलबाईंना पडद्याआड धुतलं, पण धुतलं! पाद्री हार्लन घोंगडी पांघरून म्हणाले, "बाप्तिस्मा एकदाच पुरतो अशी माझी समजूत होती."

तेवढ्यात टोपलीतला एक फोन वाजायला लागला. धनसुखभाईंचा. त्यांनी ओल्या हाताने उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला. "व्हर्नाबेन, माझी बायको. सात नंबरच्या खोलीतली पोरगी उठत नाही म्हणते. ओठ निळे पडलेत."

हे खरं होतं. आवारात दोन अँब्युलन्स होत्या आणि दोन्हींत हवालदार कोंबलेले, तिथला उताराही त्यांनीच संपवलेला. खोकी सगळी रिकामी. व्हर्नाला पेट्रोलपंपामागची ती चमकणारी गाडी दिसायला लागली.

"कोणाकडे एक तरी आहे का?" ती ओरडली. "एक तरी!"

लॉनीने गाडीतला कोट चढवला होता, त्याचा खिसा त्याने घट्ट धरला.

"लॉनी!"

"ताई, हा मी माझ्यासाठी ठेवलाय. मी सगळ्यांना हात लावलाय. मला कधीही काही होईल."

व्हर्नाने त्याच्या खिशात हात घातला, खिशासकट फवारा ओढून काढला आणि घोंगडी सावरत त्याच्याच गाडीत बसली. "चालव!" लॉनीने निमूट गाडी चालवली.

पोरगी न्हाणीघराच्या दारात पडलेली होती, विशीतली, पायात एकच बूट. व्हर्नाने छातीचं हाड चोळलं, हाक मारली, फवारा मारला, तोंडाने श्वास दिला. पुन्हा दिला. पुन्हा दिला. लॉनी बाहेर, भुकटीच्या भीतीने, गाडीच्या काचा वर करून बघत होता. शेवटी पोरगी खोकली, डोळे उघडले आणि तिने व्हर्नाला आईवरून अशी सणसणीत शिवी घातली, की व्हर्नाने तिला मिठीच मारली.

ती परतली तेव्हा शेरीफ घोंगडी गुंडाळून बंबाच्या पायरीवर बसले होते. लॉनीने त्यांना सगळं सांगितलं. शेरीफनी घोंगडी आणखी घट्ट ओढली. मग म्हणाले, "व्हर्नाबाई, मी आजवर उगाच अडून बसलो. उद्याच हुकूम काढतो. प्रत्येक गाडीत उतारा. आणि एक नाही, दोन दोन!"

व्हर्नाचं वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं डोळ्यांवाटे यायला लागलं. "साहेब, तुम्हाला कल्पना नाही, हे किती..."

"आहे ना! आज मी स्वतः मरता मरता वाचलोय."

"साहेब, ती पिठीसाखर होती."

"असेल. पण मला जे झालं ते मला ठाऊक. माझी माणसं मी अशी उघड्यावर सोडणार नाही. एक फवारा हवालदाराला, आणि नाही लागू पडला तर दुसरा हवालदारालाच."

"आणि रस्त्यावर पडलेल्या माणसाला?"

शेरीफना प्रश्नाचं खरोखर नवल वाटलं. "त्याच्यासाठी तुम्ही आहात की!"

ते उठून गरम गाडीत जाऊन बसले. पुढचा साठा वसंतात यायचा होता. व्हर्ना ओल्या आवारात वाकली आणि हवालदारांनी टाकलेले फवारे एकेक उचलून दाबून बघायला लागली, न जाणो एखादा चुकून भरलेला राहिला असेल. नव्हता राहिला. आमच्या हवालदारांनी आयुष्यात पहिल्यांदाच एखादं काम पूर्ण केलं होतं!