मंदामावशीचे न पाहिलेले सिनेमे

मंदामावशीला तमिळचं ओ की ठो कळत नाही, पण तमिळ सिनेमाची गाणी ऐकून ती त्याची अख्खी स्टोरी सांगते. सिनेमा न पाहता.

कामरगावात आमची भिंतीला भिंत. मावशी अंगणवाडीतून रिटायर झाली, गोष्टी सांगायची खोड मात्र झाली नाही. तिच्या मोबाइलवर गाण्यांचं ॲप मीच टाकून दिलं, म्हणजे हे पाप माझंच. ॲप एकामागून एक सिनेमे पुढे करत हिंदीतून दक्षिणेत कधी पोचलं कोण जाणे. मावशीनं तिथेच मुक्काम ठोकला.

"मावशी, आपल्या भाषेतलं ऐक ना."

"त्याच्यात तेच सांगून टाकतेत सारं. आपल्याले काही कामच नाही ठेवत."

दुपारी गहू निवडता निवडता सिनेमा सुरू होतो. पहिलं गाणं: "पोट्टा घरात लाडाचा हाये." ढोल वाजला की, "लगन लागून राह्यलं." बासरी आली की सूप बाजूला. "झालं भांडण. गेला घर सोडून." आणि शेवटच्या गाण्यात पोरगा परत येतो. सिनेमा कुठलाही असो, येतोच. एकदा शेवटचं गाणं नुसता धांगडधिंगा होता. "आला म्हून त नाचून राह्यले," मावशी म्हणाली.

मला चेव आला. "हा सिनेमा मी पाहतोच. स्टोरी चुकली तर चहा तू करायचा, बरोबर निघाली तर मी."

"पाह्य. शेवटी येते का नाही, तेवढं नीट पाह्य." मग गव्हातला खडा वेचत म्हणाली, "आमचा उत्तम असाच गेला ना, वाशीमच्या टेशनावरून. मीच बोलली होती त्याले. जरा जास्तच."

उत्तम तिचा धाकटा भाऊ. कित्येक वर्षांत त्याचा पत्ता नाही, हे मला ठाऊक होतं. भांडण तिच्याशी झालं होतं, हे नव्हतं. आपण इतके दिवस कशाला हसत होतो, याची मला लाज वाटली.

सिनेमा पाहिला. पोरगा मध्यंतराआधीच मरतो. शेवटचं गाणं त्याच्या गावच्या जत्रेतलं आहे, आणि त्याची बहीण गर्दीत एकटी उभी आहे.

दुसऱ्या दिवशी मावशी दारातच होती. "आला का?"

"आला."

"घरी?"

"घरीच. बहिणीनं दार उघडलं."

अंगणवाडीत थापा मारणाऱ्या पोरांकडे पाहायची, तशी मावशी माझ्याकडे बघत राहिली. "आला त मंग तोंड पाडून काहून सांगून राह्यला बाप्पा?"

मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. माझ्या सांगण्यानुसार पैज तिनं जिंकली होती, चहा माझ्याकडे होता. मी उठायला लागलो तर तिनं खांदा दाबून मला खाली बसवलं आणि स्वतःच आधण ठेवलं.

"बहिणीनं दार उघडलं, हे बेस सांगतलं तुनं," ती गॅसकडे पाहत म्हणाली. "आता मी बी तसंच सांगत जाईन."