पोवळ्याची शेती

हर्षलने बाथरूमचं दार ओढून घेतलं, बाहेरून कडी लावली, खालच्या फटीत ओलं फडकं कोंबलं आणि मोठं काम फत्ते केल्यासारखा म्हणाला, "झालं. आता वास येणार नाही."

"वास कोंडलात हो, पण आंघोळ कुठे करायची?" रुपालीने नाकावरची ओढणी न काढता विचारलं.

"खाली लंकाबाईंकडे. मी बोलतो त्यांच्याशी."

"त्यांच्याशी मीच बोलले. त्यांना वाटतंय माळ्यावर घूस मरून पडलीय. सकाळपासून काठी घेऊन शोधताहेत."

लंकाबाई म्हणजे घरमालकीण. भिंगारमधलं त्यांचं हे वरच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर हर्षल आणि रुपालीने भाड्याने घेतलं होतं. बाहेरच्या खोलीत जिथे चारचौघांच्या घरी टीव्ही असतो, तिथे हर्षलची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. हर्षल एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये दिवसभर नटबोल्ट मोजायचा आणि घरी आला की चहाचा कप हातात धरून या टाकीपुढे बसायचा. टाकीत पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे होते आणि अळंबीसारखं दिसणारं एक मऊ पोवळं होतं. ते समुद्रातून ओरबाडून आणलेलं नव्हतं. दुकानदाराने आपल्याच टाकीत वाढवलेल्या पोवळ्याचा एक तुकडा कापून दिला होता. दिवा लागला की त्याच्या अंगावर बारीक बारीक तुरे उभे राहायचे आणि पाण्याबरोबर डुलायचे. ते डुलणं पाहताना हर्षलचा चहा रोज गार व्हायचा.

सध्याचा वास मात्र दगडांचा होता. पुण्याच्या एका हौशी माणसाने आपली टाकी मोडली आणि तिच्यातले दगड हर्षलला दिले. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ते बसने आले आणि आता बाथरूममध्ये निळ्या पिंपात खाऱ्या पाण्यात बुडून होते.

"मुरायला घातलेत," हर्षल समजावत म्हणाला.

"लोणचं मुरतं. दगड कसा मुरेल?"

"अगं, जिवंत दगड आहेत ते. त्यांच्या भोकाभोकांत जीव असतात. प्रवासात त्यातले काही मेले. मेलेले कुजून निघून गेले आणि जगायचे ते जगले, की मग दगड टाकीत घालायचा. मधेच घातला तर सगळी टाकी नासेल."

"आणि तोवर आपण नासायचं," असं म्हणून रुपालीने खिडक्या उघडल्या. नेमकी तेव्हाच खाली मोटारसायकल थांबली आणि तिच्यावरून तिचे वडील उतरले.

आप्पासाहेबांचा राहात्याजवळ पेरूचा मळा होता, मळ्याला पाणी द्यायला मोठं शेततळं होतं आणि गावात शब्दाला वजन होतं. माणसाने शेती करावी, नाहीतर नोकरी करावी, तिसरं काहीही केलं तर ते रिकामे उद्योग, असं त्यांचं सरळ मत होतं. म्हणून ते येणार असले की टाकीवर चादर पडायची आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे. आज ते न कळवता आले होते, पेरूची करंडी घेऊन.

"रुपे, काय मेलंय का घरात?" दारातच त्यांनी विचारलं. मग त्यांची नजर टाकीवर गेली. "आन हे काय हाय?"

हर्षलचा हात चादरीकडे गेला आणि तिथेच थांबला. रुपालीने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. नवऱ्याचं हसं व्हावं असं कुठल्या बायकोला वाटेल? तेवढ्यात वडिलांच्या बोटातली पोवळ्याची अंगठी तिला दिसली. मंगळ शांत राहावा म्हणून त्यांनी ती कधीकाळी करून घेतली होती.

"दादा, हे ना, शेती करत्यात. पोवळ्याची," ती म्हणून गेली.

आप्पासाहेबांनी अंगठीकडे पाहिलं, मग टाकीकडे, मग जावयाकडे. "हे वाढतं?"

हे मात्र खरंच होतं, त्यामुळे हर्षलला उत्तर द्यायला सोपं गेलं. "वाढतं ना मामा. तुकडा कापून दगडावर बांधला की तो धरतो. मग त्याचं वेगळं पोवळं होतं."

"म्हंजे उसाच्या कांडीवानी!" आप्पासाहेब खुर्ची ओढून बसले. "पन लाल कुटं हाय?"

"हे वेगळ्या जातीचं आहे."

"पिकल्यावर हुत आसंल लाल," असं म्हणून त्यांनी स्वतःच शंका मिटवली.

तीन वर्षं सासुरवाडीला हर्षलला पाट मिळाला होता, पुरणपोळीवर तुपाची धार मिळाली होती, पण त्याला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. आज आप्पासाहेब प्रश्नामागून प्रश्न विचारत होते. हर्षलला चेव चढला. उजेड किती लागतो, पाणी कसं हलतं ठेवायचं, बादलीला अर्धा किलोच्या आसपास मीठ कसं पडतं, सगळं त्याने सांगितलं. ही निव्वळ हौस आहे, एवढं एक वाक्य मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही.

आप्पासाहेबांनी ते सगळं मळ्यात नेलं, मळ्यातून गावात आणि गावातून राहात्याच्या बाजारात. चार दिवसांत त्यांचा फोन आला. "हर्षलराव, रविवारी येतो. चार मानसं हायती संगं. बघायचं म्हनत्यात."

चार माणसं जीप भरून आली. या मंडळींना दौऱ्याची सवय होती. रेशमाचे किडे बघायला ती गेली होती, शिंपल्यातले मोती बघायला गेली होती, आणि बुडालेल्या इमूपालनाचं नाव काढलं की त्यांतले काही जण अजूनही दुसरीकडे बघत. जिन्यात चपलांचा ढीग पडला. आल्याआल्या त्यांनी हर्षलला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात नारळ दिला. मग सगळी टाकीभोवती दाटीवाटीने उभी राहिली.

"एकरी उतारा किती?" गोरक्षनाथ नावाच्या वयस्कर शेतकऱ्याने पहिला प्रश्न टाकला.

"एकरी... असं अजून कुणी काढलं नाही," हर्षल म्हणाला. खोटं बोलावं न लागल्याचं त्याला समाधान वाटलं.

"फवारनी?"

"नाही. फवारणी केली तर मरेल."

"म्हंजे सेंद्रिय," गोरक्षनाथांनी बाकीच्यांना समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वाल्मिक नावाच्या गड्याने तोवर पाण्यात बोट बुडवून चाखलं होतं. "लई खारट हाय!" त्यावर प्रत्येकाने बोट बुडवलं. कुणी तंबाखू मळलेलं बुडवलं. कुणी पोवळ्याचा तुरा चिमटीत धरून पाहिला. तुरे एकेक करून आत गेले आणि ते डुलणारं झुंबर बघता बघता उकडलेल्या बटाट्यासारखं झालं.

"मान टाकली की ह्यानं," वाल्मिक म्हणाला.

त्या दिवशी पहिल्यांदा त्याला वाटलं, की हे सगळं थांबवावं. पण तेवढ्यात आप्पासाहेबांनी घसा खाकरला.

"मी ठरिवलंय," ते सगळ्यांकडे पाहत म्हणाले, "आपलं शेततळं ह्याच्यासाठी द्यायचं. मिठाचा पिकअप सांगितलाय. उद्या येतो. तळं मोठं हाय, सगळं एकदम खारं हुनार न्हाई. पन दुधाला इरजन लावतो तसं आदी तेवढं टाकू."

हर्षलच्या हातातला नारळ निसटता निसटता राहिला. त्या तळ्यावर उन्हाळाभर सगळा पेरू जगायचा. झाडांना ते पाणी एकदा मिळालं की पुढच्या वर्षी मळ्यात सरपणच उरलं असतं.

"मामा, घाई नको," तो कसाबसा म्हणाला. "याला साधं मीठ चालत नाही, खास मीठ लागतं."

"मीठ ते मीठ," गोरक्षनाथांनी निकाल दिला.

"आणि आधी दगड मुरवावे लागतात. तो वास सहन होत नाही कुणाला." हर्षलला एकदम आशा वाटली. त्याने मंडळींना बाथरूमकडे नेलं, फडकं काढलं, दार उघडलं आणि पिंपावरचं झाकण उचललं. खाली अंगणात लंकाबाई "अगं बाई गं" असं ओरडल्या.

मंडळी पिंपात वाकून बघू लागली.

"हा व्हय वास?" वाल्मिक म्हणाला. "कोंबडखत नेताना टेम्पोत बसा एकदा आमच्या संगं."

जीप गेली. रुपालीने दार लावलं आणि ती नवऱ्याकडे वळली. "काहीतरी बोला ना त्यांच्याशी!"

"तू सुरुवात केलीस."

"मी एक वाक्य बोलले. त्याचा मळा तुम्ही केलात!"

हर्षलने फोन उचलला, आणि ठेवला. हे फोनवर सांगायचं काम नव्हतं. पोवळं मिटलेलं होतं. तो टाकीपुढे बसला, पण त्या दिवशी चहा गार झाला तो काळजीने.

दुसऱ्या दिवशी कंपनीत पोट बिघडल्याचं कळवून तो मोटारसायकलने निघाला. राहाता येईपर्यंत त्याने वाक्यं जुळवली आणि मळ्याच्या वळणावर ती सगळी विसरला. तळ्याच्या बांधावर पिकअप उभाच होता. फाळका खाली होता, पोती रचलेली होती. आप्पासाहेब एका पोत्याला हात लावून उभे होते. बाजूला गोरक्षनाथ आणि वाल्मिक होते. तळं काठोकाठ भरलेलं होतं.

"मामा, थांबा!" गाडी स्टँडला न लावताच हर्षल धावला. गाडी मागे आडवी झाली, पण त्याने वळून पाहिलं नाही. "मीठ टाकू नका. ही शेती नाही. पोवळं तुमच्या अंगठीतलं नाही, ते कधी लाल होत नाही, बाजारात त्याला कुणी विचारत नाही. मी ते नुसतं बघत बसतो. मला आवडतं म्हणून. हौस आहे ती माझी. तुम्ही नावं ठेवाल म्हणून बोललो नाही. चुकलो मी."

हर्षलने मान खाली घातली. आता सासुरवाडीचा पाट गेला, तूप गेलं, अशी त्याची खात्री झाली.

"सुटलो बाबा!" हे गोरक्षनाथ होते. ते मटकन बांधावर बसले. "आप्पा, राग मानू नगं. मला कालच जीपमधी बोलायचं हुतं. त्यात काय बी दम न्हाई. पन म्हनलं, आप्पाच्या जावयाचा मान हाय. आपुन कशाला मोडता घाला?"

"मला बी तसंच वाटत हुतं," वाल्मिक म्हणाला. "आज म्हनलं, कुनीतरी आडवल. कुनीच आडवंना!"

हर्षलने चमकून सासऱ्याकडे पाहिलं. "मामा, तुम्हाला तरी वाटत होतं का, की यातून पोवळं निघेल?"

"मला?" आप्पासाहेबांनी टोपी काढून डोकं पुसलं. "पैल्या दिशी वाटलं थोडं. पन काल त्या बटाट्याकडं बगून? मी काय खुळा हाय व्हय?"

"मग हे मीठ?"

"आवो, तुमी चार मानसांम्होरं टोपी घालून सांगितलेलं. मी गावभर बोललेलो. जावयाचा शब्द सासऱ्यानंच खाली पाडायचा का? तळं काय, पुन्ना भरलं आस्तं."

आणि पेरू? त्यांनी फक्त मळ्याकडे एकदा पाहिलं. हा माणूस जावयाच्या एका फुशारकीखातर उभा मळा वाळवायला निघाला होता, तोही त्याला वाईट वाटू नये म्हणून. हर्षलला भरून आलं. तो सासऱ्याच्या पाया पडायला वाकला, तर आप्पासाहेबांनी त्याला वरच्या वर धरलं.

"ऱ्हाऊ द्या. येक सांगा, ते काल मिटलं हुतं, ते उघडलं का?"

"नाही अजून."

"आमच्या लोकांनी बोटं घातली त्याची भीती बसली आसंल," आप्पासाहेब हळहळले. "उजेडात डुलत हुतं तवा बरं वाटत हुतं बगायला. मिठाचं पानी कमी पडलं आसंल त्याला. ह्यातलं येक पोतं न्या तुमी."

हर्षलने पोत्याकडे पाहिलं. जाडंभरडं, मातकट खडेमीठ होतं. त्याच्या टाकीत त्यातला एक खडाही चालला नसता.

"मामा, ते जरा..."

"खास-बिस काय नस्तं. मीठ ते मीठ. वाल्मिक, बांद रं गाडीला."

आयुष्यातलं सगळ्यात मोठं खरं हर्षल नुकताच बोलून बसला होता. लगेच दुसरं बोलायला अंगात बळ उरलं नव्हतं. पडलेली गाडी वाल्मिकने उभी केली आणि तिच्यावर पोतं बांधलं.

भिंगारला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. रुपाली जिन्यातच वाट बघत होती. "मीठ पडलं का तळ्यात?"

"नाही."

"खरं सांगितलंत?"

"सगळं."

तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि मग पाठीमागे बघून थांबली. "मग हे पोतं कसलं?"

"हे सोडून सगळं," हर्षल म्हणाला.

दोघांनी मिळून पोतं वर ओढलं आणि दाराआड उभं केलं. बाहेरच्या खोलीत टाकीतला दिवा लागलेला होता. पोवळ्याने अंगावरची मळकट कात टाकली होती आणि तुरे बाहेर येऊन निवांत डुलत होते. दोघं नुसतीच बघत उभी राहिली. वास विसरून रुपालीने ओढणीही खाली घेतली.

फोन वाजला. रुपालीने उचलला.

"रुपे, पोचले का हर्षलराव?" पलीकडून आप्पासाहेबांचा आवाज आला. "मीठ टाकलं का त्या टाकीत? ते उघडलं का?"

हर्षल जोरजोरात हातवारे करत होता. खरं सांग, खरं सांग, असं तो ओठांनीच म्हणत होता. रुपालीने डुलणाऱ्या पोवळ्याकडे पाहिलं. वडिलांचा आवाज किती आतुर होता, तेही तिला कळत होतं.

"टाकलं ना दादा," ती म्हणाली. "लई मस्त उघडलंय."

"बगा! म्हनलं हुतं मी!" आप्पासाहेब खूश झाले. "मंग बाकीची पोती बी उद्या त्याच पिकअपनं धाडतो."