मैने, सांग त्यांना

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी चिडका माणूस नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली, बॉयलरचा पारा कितीही चढला तरी माझा कधी चढला नाही. घरी चढतो, पण त्याला घरचे लोकच तसे आहेत!

आमची एकुलती एक मुलगी वेदिका. कंपनीने तिला दोन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं आणि जाताना ती तिचा पोपट आमच्या हिरावाडीच्या फ्लॅटमध्ये सोडून गेली. आफ्रिकन ग्रे. अंग राखाडी, शेपूट लालभडक, आणि नजर अशी की समोर आपली उत्तरपत्रिका तपासायला बसलाय. नाव काय, तर मैना! पोपटाचं नाव मैना! कुत्र्याचं नाव कोणी मांजर ठेवतं का? तर म्हणे, बाबा, ती मादी आहे, आम्ही टेस्ट करून घेतलीय. वर हातात चार पानांची यादी. मीठ नको, चॉकलेट नको, रोज फवाऱ्याने अंघोळ, रात्री पिंजऱ्यावर चादर, कुरतडायला लाकडाचे तुकडे. मी यादी घडी घालून फ्रीजवर ठेवून दिली. म्हटलं, पोरी, मी अख्खं युनिट सांभाळलंय, अर्ध्या किलोचं पाखरू काय चीज आहे! निश्चिंत जा.

पहिल्या तीन दिवसांतच त्या पाखराने माझा जीव खाल्ला. आमच्या दारावरच्या बेलचा आवाज तिने उचलला. मी सहा वेळा उठून दार उघडलं, सहाही वेळा बाहेर कोणी नाही. सातव्यांदा मी उठलोच नाही, तर खरंच गॅसवाला येऊन परत गेला. त्यानंतर उज्वलाचा आवाज उचलला. उज्वला म्हणजे माझी बायको. हुबेहूब तिच्याच आवाजात सकाळी "अहो, चहा घेता का?" सुरू. मी दोनदा हो म्हणालो आणि दोनदा बिनचहाचा बसलो.

चौथ्या दिवशी मात्र खरं वाजलं. शेजारची तृप्ती मैनेला बघायला आली होती. तिच्यासमोर जरा ऐट करावी म्हणून मी स्वतः ऑम्लेट करायला घेतलं. नॉनस्टिक तवा मोठ्या गॅसवर ठेवला आणि तृप्तीला एकलहऱ्याच्या गोष्टी सांगत बसलो. तवा तापून धूर निघायला लागला. उज्वला घाईघाईने आली आणि म्हणाली, तो तवा उतरवा, त्या धुराने पक्षी मरतात. मी काय म्हणावं? तृप्तीसमोर, मोठ्या आवाजात म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं? एकतीस वर्षं बॉयलर सांभाळलाय मी. धूर मला शिकवू नकोस."

उज्वलाने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तो अवजड पिंजरा एकटीने उचलून गॅलरीत नेऊन ठेवला. मैना वाचली. तृप्ती "येते हं काका" म्हणून सटकली. मी गुपचूप फ्रीजवरची यादी काढून पाहिली. पहिल्याच पानावर, चौथ्या ओळीत, लाल पेनाने, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: नॉनस्टिक अजिबात नको.

तेव्हाच माफी मागायची होती, हे मला कळतं. पण माझी जीभ वळली नाही. एकतीस वर्षं माझ्या हाताखालच्या लोकांनी माझी माफी मागितली, मला सवयच नाही! आणि त्या दिवसापासून उज्वलाने माझ्याशी अबोला धरला.

आमच्याकडे अबोला पूर्वीही व्हायचा, नाही असं नाही. पण तेव्हा वेदिका घरात असायची. "तुझ्या बाबांना सांग, पान वाढलंय." "तुझ्या आईला म्हणावं, भूक नाही." असं दोन दिवस चालायचं, मग पोरगी वैतागून दोघांनाही झापायची आणि सगळं मिटायचं. आता मध्ये माणूसच नव्हता. पहिला दिवस कडकडीत शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी उज्वला पिंजऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मैने, सांग त्यांना, जेवायला या."

मीही कमी नाही. मी सांगितलं, "मैने, सांग तिला, येतो."

झालं! आमचं सगळं दळणवळण त्या पिंजऱ्यातून सुरू झालं. मैने, सांग त्यांना, गिझर बंद करा. मैने, विचार तिला, माझा चष्मा कुठाय. मैना एका डोळ्याने तिच्याकडे, एका डोळ्याने माझ्याकडे बघायची. माणसाने माणसाशी बोलण्यासाठी पोपटाची परवानगी घ्यायची, ही वेळ माझ्यावर आली! संताप यायचा. सगळ्यात जास्त संताप या गोष्टीचा यायचा की घर फार मोठं वाटायला लागलं होतं. उज्वलाच्या बडबडीने माझं डोकं उठतं, असं मी वर्षानुवर्षं जगाला सांगत आलो. आता डोकं अगदी शांत होतं आणि मला ते सहन होत नव्हतं.

अबोल्याच्या दहाव्या दिवशी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं दिसली. छातीवरची, मऊ, राखाडी, मूठभर. मैना स्वतःच्या चोचीने स्वतःला उपटत होती. आता वेदिकाला काय तोंड दाखवणार? रिक्षा केली, पिंजरा मध्ये ठेवला, दोघं दोन बाजूंना बसलो आणि गंगापूर रोडला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर पोरसवदा, चष्मेवाला. त्याने मैनेला उलटंपालटं करून तपासलं आणि म्हणाला, रोग काही नाही. घरात बोलणं होतं ना? मी म्हणालो, "मैने, सांग त्यांना, होतं की." उज्वला म्हणाली, "मैने, यांना खरं सांगायला सांग."

डॉक्टरने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग सावकाश म्हणाला, "काका, हे पक्षी थव्यात राहतात. थव्यातले दोघं गप्प झाले, तर यांना वाटतं काहीतरी वाईट घडलंय. औषध देऊन उपयोग नाही. तुम्ही एकमेकांशी बोला." हे ऐकवण्याची त्याने फी घेतली!

घरी आल्यावर मी ठरवलं. झालं तेवढं पुरे. पण एकदम कसं बोलायचं? उज्वला रोज पहाटे फिरायला जाते. ती गेली की मी मैनेवरची चादर काढायचो आणि समोर स्टूल घेऊन तालीम करायचो. "उज्वला, चुकलं माझं." पहिल्यांदा आवाज असा निघाला की जणू मीटिंगमध्ये बोलतोय. दुसऱ्यांदा घसाच बसला. चार दिवस रोज वीस-वीस वेळा म्हणालो. चौथ्या दिवशी बरं जमलं, डोळ्यांतही पाणी आलं. मैना मान वाकडी करून ऐकत होती. म्हटलं, उद्या प्रत्यक्षच बोलून टाकू.

उद्या उजाडला. मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होतो, नळ धो धो चालू होता. तेवढ्यात आतून उज्वलाचा आवाज आला. "अहो, चहा घेता का?"

पंधरा दिवसांनी! मधे मैना नाही, "सांग त्यांना" नाही, सरळ अहो! मला काय वाटलं सांगू? जिंकलो! आता कसली माफी? बाईसाहेब स्वतःच आल्या ना वळणावर! नळ बंद केला, मिशीवर हात फिरवला आणि आत जाऊन रुबाबात म्हणालो, "घेतो. आलं घाल."

उज्वला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोळे ओले आणि चेहऱ्यावर हसू. म्हणाली, "घालते. जाऊ द्या, झालं गेलं. तुम्ही म्हणालात ना, मला तेवढं पुरे."

"मी काय म्हणालो?"

"चुकलं म्हणालात."

"मी? मी अवाक्षर काढलेलं नाही. आधी तू चहाचं विचारलंस."

"मी कुठे विचारलं? मी तर आत कणीक मळत होते."

तिच्या हाताला कणीक होतीच. मी पुढचं वाक्य जुळवत होतो, इतक्यात पिंजऱ्यातून माझा आवाज आला. ओला, अगदी तालमीच्या चौथ्या दिवसाचा. "उज्वला, चुकलं माझं." आणि लगेच तिचा आवाज, "अहो, चहा घेता का?"

उज्वलाने पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच विचारलं, "हे तिने कुठे ऐकलं?"

बघा, देवाने संधी ताटात वाढून दिली होती. फक्त खरं बोलायचं होतं. आणि माझ्या या तोंडातून काय निघालं? "मला काय माहीत? टीव्हीवर ऐकलं असेल."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती आत गेली आणि चहाच्या आधणाखालचा गॅस बंद केल्याचा आवाज आला. मैनेने छातीचं एक पीस ओढून काढलं आणि खाली टाकलं. टीव्हीवर म्हणे! कोणत्या मालिकेत माझा आवाज असतो? आयुष्यात जितका राग मला कोणाचा आला नव्हता, तितका त्या क्षणी स्वतःचा आला. पाच मिनिटं सोफ्यावर हात आपटत बसलो. मग बसल्या जागेवरूनच, मोठ्याने, खरोखर, स्वतःच्या तोंडाने म्हणालो, "उज्वला, चुकलं माझं!"

आतून उत्तर आलं, "मैने, पुरे गं आता."

आता काय करता! उठलो. स्वयंपाकघरात गेलो. ती पाठमोरी पोळ्या लाटत होती. म्हणालो, "मैना नाही, मी आहे. तव्याचं तुझं बरोबर होतं. यादीत लिहिलं होतं, मी वाचली नव्हती. चुकलं माझं. आणि ते टीव्हीवरचं नाही, मीच तिच्यापुढे चार दिवस घोकत होतो."

उज्वला वळली. लाटणं खाली ठेवलं आणि हाताची घडी घातली. "परत म्हणा. या वेळी तोंड हलताना बघते."

म्हणालो. तिने अजून एकदा म्हणायला लावलं, तेही म्हणालो. तिसऱ्यांदा तर इतकं स्पष्ट की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, चहाचं आधण परत गॅसवर ठेवलं आणि आलं किसता किसता म्हणाली,

"ठीक आहे. पण मैना जास्त मनापासून म्हणते."