ब्रशला नावापुरती ॲडमिशन

भूकंपानंतर आमच्या लातूर जिल्ह्यात काहीही हललं की माणूस आधी घराबाहेर पळतो. दात हलला तर कुठं पळावं, याबाबतचं परिपत्रक अद्याप निघालेलं नाही. त्यामुळं शेषेराव सरांचा पुढचा दात हलू लागला तेव्हा ते जागेवरच थांबले.

शेषेराव सर आमच्या क्लासला फिजिक्स शिकवतात. (मी त्याच क्लासचा प्रसिद्धी विभाग, म्हणजे फ्लेक्स बांधतो.) रेणापूरपासून अहमदपूरपर्यंत चौकाचौकात सरांचं हसू टांगलेलं आहे. आईबाप आधी ते हसू बघतात, मग निकाल, मग फी भरतात. जूनच्या फ्लेक्सचा फोटो काढायचा होता. दात गेला असता तर सीझन गेला असता.

दाताच्या डॉक्टर सादिया मॅडमनी हिरड्या तपासल्या. "सर, हिरड्यांत जंतू झालेत. आधी दातांवर साचलेलं कीटण काढू. मग निळं औषध सोडून वरून लेझरचा उजेड टाकू. उजेडानं औषध जागं होतं अन् जंतू मारतं. पण गुटखा बंद, अन् रोज दोनदा ब्रश. नाहीतर लेझरचा काही उपयोग नाही."

लेझर सरांना फार पटला. तो धडा ते वर्षानुवर्षं शिकवून राहिलेत (खरा लेझर दिसला आत्ताच). ब्रशबद्दल म्हणाले, "ॲडमिशन घेऊन ठेवतो की."

बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा: आमच्याकडं पोरगं कॉलेजात नावापुरतं असतं, शिकतं क्लासला. ही यशस्वी पद्धत सरांनी तोंडाला लागू केली. ब्रश आणून ग्लासात उभा केला. त्याची हजेरी शंभर टक्के. लेझर हा क्लास. गुटखा ऐच्छिक विषय म्हणून चालू राहिला. जंतू मात्र रोज, रविवारीसुद्धा, मन लावून काम करून राहिले. इतके कष्टाळू विद्यार्थी आमच्या क्लासला कधी मिळाले नाहीत.

दर खेपेला मॅडम विचारायच्या, "ब्रश?"

"हाव, हाय की," सर म्हणायचे. ब्रश होताच.

अहमदपूरच्या मोफत डेमो लेक्चरला सर प्रकाशाचे उपयोग सांगत होते. तिसऱ्या उपयोगाला दात पहिल्या बाकावर जाऊन पडला. पुनम नावाच्या मुलीनं तो कागदानं उचलून टेबलावर ठेवला आणि अदबीनं विचारलं, "सर, हे पेपरला हाय का?" मागं बसलेले आईबाप चपला शोधू लागले. मला खरंच वाईट वाटलं. माणूस शिकवतो चांगलं.

यंदाच्या फ्लेक्सवर सरांचे ओठ मिटलेले आहेत. सर गंभीर झाले, आता निकाल वाढणार, असं लोक म्हणतात. शेजारच्या क्लासवाल्यांनी तर दात धडधाकट असून ओठ मिटले.

चुकलं कुठं, हे मी मॅडमना विचारलं. "सगळ्यांना लेझर तेवढा ऐकू येतो," त्या म्हणाल्या.

आपण सुजाण वाचक आहात, आपलं तसं होणार नाही. तर मॅडम लेझरच्या आधी काय काढू म्हणाल्या होत्या, ते वर न बघता सांगा. आणि आत्ता जीभ लावून जो दात चाचपून राहिलात, तो हलत असेल तर घराबाहेर पळू नका. ग्लासातला ब्रश ओला आहे का, तेवढं बघून या.