मारोतीभाऊंच्या दोन पट्ट्या

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मारोतीभाऊंचं नाव घेतो. आमच्या गडचिरोलीच्या डेटा सेंटरचे वायरमन. खिशाला कायम दोन पेनं, तीही वेगवेगळ्या दुकानांतली. "एकाच दुकानचे घेतले तं दोन्ही संगच वाळतेत ना बाबू!"

डेटा सेंटर म्हणजे एक थंडगार खोली, लोखंडी कपाटं आणि त्यांत सर्व्हर. प्रत्येक कपाटात विजेच्या दोन पट्ट्या, लाल आणि निळी. दोन्हींची वीज वेगवेगळ्या ठिकाणाहून येते. सर्व्हरलाही दोन वायरी. एक लालमध्ये, एक निळ्यात. एक पट्टी बंद पडली तरी काम थांबत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, भाऊंनी समजावलं. "पट्टीवर अर्धाच भार टाकत जा. जोडीदार गेला तं त्याचाबी उचला लागते."

साहेबांनी एकदा थट्टा केली, "भाऊ, मग बायकाही दोन केल्या का?"

"नाई साहेब. तिथंच चुकलो."

आम्ही खूप हसलो. वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या आणि भाऊ आरमोरीला एकटेच राहतात, हे मला नंतर कळलं.

दर सोमवारी भाऊ लाल पट्टी मुद्दाम बंद करून पाहत. "न पाहता इस्वास ठेवाचा तो देवावर. पट्टीवर नाई."

एका सोमवारी त्यांनी पट्टी बंद केली आणि एक सर्व्हर गप्प झाला. जिल्ह्यातल्या दवाखान्यांची नोंदणी त्याच्यावर चालायची. तो शनिवारी मी बसवला होता, दोन्ही वायरी लालमध्येच खुपसून.

माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. आमच्या घरात मी पहिला पदवीधर.

भाऊंनी वाकून पाहिलं, एक वायर निळ्यात घातली. तेवढ्यात साहेब आले. "कोणी लावल्या ह्या वायरी?"

"म्या लावल्या, साहेब," भाऊ म्हणाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काऊन असं बोलले, भाऊ?"

"माये दोन महिने राह्यले. तुह्ये तीस वर्षं हायेत. चूप बस."

मी चूप बसलो. साहेबांनी भाऊंना निष्काळजीपणाचा मेमो दिला. माझं कंत्राट वाढलं. भाऊ निवृत्त झाले आणि त्या मेमोपायी त्यांचे पेन्शनचे कागद अडले. गेल्या आठवड्यात मी त्यांना हे पत्र टाकलं:

"मारोतीभाऊंना नमस्कार.

आज साहेबांना खरं काय ते लिहून दिलं. तुमचा मेमो ते मागे घेणार आहेत. माझं काय होईल, माहीत नाही. तुम्ही रागावाल, म्हणून आधी विचारलं नाही.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, त्या भाऊले घरी बोलाव. रविवारी या. आई विचारते, सुकट चालते का? पत्राचं उत्तर नाही दिलं तरी चालेल, पण या. आम्ही तुमच्यासाठी जेवायचे थांबू."