बहुतेक चालतात

“लोकांनी आपल्याकडेच का यावं, हे एका वाक्यात सांगा,” लॅपटॉप उघडत सोल्वेग म्हणाली.

आर्विड टॉलेफसनने कॉफीचा घोट घेतला, खिडकीतून तळ्याकडे पाहिलं आणि बराच विचार करून म्हणाला, “यायलाच पाहिजे असं काही नाही.”

आर्विडचं बोटींच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं, अमेरिकेतल्या मिनेसोटात, पार उत्तरेला. गेल्या उन्हाळ्यात दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा डासच जास्त आले. ते सावरायला त्याची मुलगी शहरातली नोकरी सोडून आली होती. यंदाही डासच आले तर दुकानाला कुलूप आणि सोल्वेग परत शहरात, असं ठरलं होतं. म्हणून ही वेबसाइट.

अडचण एवढीच, की त्या भागात स्वतःची स्तुती करणं म्हणजे चर्चमध्ये मोठ्याने ढेकर देणं. ‘वाईट नाही’ ही तिथली सर्वोच्च पदवी. आर्विडने ती आजवर दोघांनाच दिली होती. एक बायको, दुसरा मासा.

“‘तळ्यावरचे सर्वोत्तम कारागीर’ असं लिहिते, बाबा.”

“अगं, लोक वाचतील ते!”

“वाचावं म्हणूनच लिहितात!”

“‘मोटरी दुरुस्त करतो’ एवढं पुरे.” मग त्याला राहवेना. “‘बहुतेक चालतात’ हेही घाल. उगाच फसवणूक नको.”

तेवढ्यात आई, म्हणजे मार्लिस, केक घेऊन आली. “आणि ड्वेनचं काय? पलीकडच्या काठावर त्याचंही हेच दुकान आहे. रस्ताही आपल्यापेक्षा चांगला. ते सांगायला नको?”

“आई, तो आपला स्पर्धक आहे!”

“असेना. हिवाळ्यात आपल्या दारातला बर्फ कोणी उपसला?”

बर्फ ड्वेननेच उपसला होता. ड्वेन हॉगनचा पत्ता आणि फोन नंबर वेबसाइटवर गेला. नकाशाही त्याच्याच दुकानाचा, कारण आर्विडचं म्हणणं, “आपलं सापडतं लोकांना.” फोटोला तो तयार झाला, पण चेहरा दिसणार नाही या अटीवर. त्यामुळे पहिल्याच पानावर मोटरीवर वाकलेली एक पाठ झळकली. खाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय होते. एक म्हणत होता, ‘तक्रार नाही.’ दुसरा, ‘याहून वाईट पाहिलंय.’ तिसरा गावात बडबड्या म्हणूनच प्रसिद्ध होता. त्याने लिहिलं, ‘सुरू झाली.’

वेबसाइट चालू झाली आणि आर्विडचा फोन खणखणू लागला. ड्वेन फोन उचलत नाही, त्याला निरोप द्याल का, असं सगळे विचारत होते. आर्विड निरोप नीट लिहून घ्यायचा आणि बोटीने पलीकडे पोचवायचा. सोल्वेग शहरातल्या नोकऱ्या शोधू लागली.

शनिवारी ड्वेन स्वतःच उगवला. डोळे तारवटलेले, टोपी हातात. “आर्विड, काय मांडलंयस हे? माझ्या दारात रांग लागलीय! तुझी गिऱ्हाइकं घेऊन तुला तोंड कसं दाखवू मी?”

“मग काय केलंस?”

“करतो काय! मीपण वेबसाइट काढली.” ड्वेनने मान खाली घातली. “लिहिलं, की हे काम मला आर्विडनेच शिकवलं. साधा बिघाड असेल तर माझ्याकडे या, अवघड असेल तर त्याच्याकडे न्या.”

आर्विडचे कान लाल झाले. “त्यापेक्षा शिव्या द्यायच्या होत्यास.”

सोमवारी सकाळी आर्विडच्या दारापासून हमरस्त्यापर्यंत गाड्यांमागे जोडलेल्या बोटी उभ्या होत्या. कारण आपल्या मोटरीचा बिघाड साधा आहे, असं जगात एकाही माणसाला वाटत नाही.

संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर आर्विडने हातांचं ग्रीस पुसलं आणि लॅपटॉपसमोर उभा राहिला. पडद्यावरची स्वतःची पाठ त्याने बराच वेळ पाहिली. सोल्वेग बाजूला उभी होती.

“वाईट नाही,” तो म्हणाला.

सोल्वेग पाना शोधायला म्हणून मागच्या खोलीत पळाली. तिथून बराच वेळ नाक शिंकरल्याचा आवाज येत राहिला.

मार्लिसने हातातली बशी टेबलावर आपटली. “काही काळवेळ आहे की नाही तुला? एवढं डोक्यावर चढवून ठेवतात का पोरीला!”