मला दे

"रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही आणि मागितल्याशिवाय कोणी पास देत नाही. मोकळा झालास की ओरड, 'मला दे.'"

गुरूंचा हा उपदेश प्रशिक्षकांनी लहानपणी ऐकला आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये आघाडीवर खेळताना मनोभावे पाळला. गोलही पोत्याने केले. पुढे गुडघ्याने दगा दिला, खेळणं सुटलं. जीभ मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हती. आता ते एका क्लबात बारा वर्षांखालच्या मुलींना शिकवत. शिकवायचे जीव ओतून. पण सामना सुरू झाला की आपण मैदानाबाहेर आहोत, याचा त्यांना विसर पडे. मागच्याच सामन्यात ओळीलगत मुलींच्या बरोबरीने धावताना त्यांनी लाइनमनला आडवं केलं होतं.

म्हणून आज क्लबाच्या चिटणीसांनी स्वतः वाकून, ओळीबाहेर चुन्याची एक चौकट आखली.

"हे तुमचं घर," ते कंबर धरत म्हणाले. "आज यातून पाय बाहेर पडला तर उद्यापासून नवा प्रशिक्षक."

"नाही पडणार," प्रशिक्षक म्हणाले. हे काम गेलं असतं तर फुटबॉल फक्त टीव्हीवर पाहायचा उरला असता.

पूर्वार्ध त्यांनी दातांवर दात ठेवून काढला. पाय चौकटीत, हात पाठीशी. उत्तरार्धात मात्र संघाची कप्तान टिटवी चेंडू घेऊन त्यांच्याच बाजूने निघाली. समोर दोघी आडव्या आल्या. प्रशिक्षक मोकळे होते. तोंडातून निघूनच गेलं, "मला दे."

टिटवी आज्ञाधारक मुलगी. सरांनी मागितला, तिने दिला.

पुढचं प्रशिक्षकांच्या पायांनी परस्पर ठरवलं. चेंडू ओळीबाहेर आला, तो त्यांनी थोपवला, चौकट ओलांडली, चार ढांगा आत गेले आणि लांबूनच असा हाणला, की समोरची गोलरक्षक हात वर करायचंही विसरली. जाळी हलली. प्रशिक्षकांनी दोन्ही हात पसरले, आणि मग त्यांना दिसलं, की आपल्याला मिठी मारायला कोणीच येत नाहीये. येत होते ते पंच, लाल कार्ड घेऊन.

गोल अर्थातच धरला नाही. वर थ्रो प्रतिस्पर्ध्यांना मिळाला आणि त्यावरच त्यांनी गोल केला. प्रशिक्षकांची रवानगी कुंपणाबाहेर झाली. तिथे त्यांची बायको बसली होती.

"लागला ना नेम? झालं समाधान?"

"अगं, पोरगी एकटी पडली होती."

"आता तुम्हीच एकटे पडलात. बसा इथे. आणि अहो, आता मौन."

त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंडात कोंबला. मनाशी पक्कं केलं होतं; तोंडावर मात्र त्यांचा भरवसा नव्हता.

मैदानात टिटवीने सवयीने चौकटीकडे पाहिलं. ती रिकामी. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, तर डावीकडे संघातली खारूताई केव्हाची हात हलवत उभी. टिटवीने पास दिला, खारूताईने परत दिला, बरोबरी झाली. शेवटी शेवटी उरलेल्याही एकमेकींना दिसू लागल्या आणि सामना जिंकला. रुमालाआडून प्रशिक्षकांचा घुसमटलेला हुंकार तेवढा ऐकू आला.

चिटणीस कुंपणाशी आले, मागे सगळा संघ.

"मी नवा माणूस बघणार होतो," ते म्हणाले. "पण या ऐकत नाहीत."

"सरावाला सरच हवेत," टिटवी म्हणाली. "मॅचला नकोत."

"अगं, काय बोलतेस?" बायकोला हसू आवरेना.

"काकू, ते फार जवळ असतात. दुसरं कोणी दिसतच नाही."

प्रशिक्षकांनी रुमाल काढला. त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, "सरावाला येतो. मॅचला कुंपणाबाहेर, आणि गप्प. शब्द देतो."

पुढच्या शनिवारी मॅचआधी त्यांनी मुलींना अंग मोकळं करायला लावलं, खारूताईच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. पंचांनी संघांना आत बोलावलं. तेवढ्यात कुठूनसा एक चेंडू घरंगळत त्यांच्या उजव्या पायाशी येऊन थांबला. समोर गोल सताड उघडा होता.

प्रशिक्षक वाकले. चेंडू दोन्ही हातांनी उचलून त्यांनी टिटवीच्या हातात दिला आणि कोणाशी काही न बोलता कुंपणाच्या फाटकाकडे चालू लागले.